भज्याचा जबाब

नाई, पन जिलेबी? तुमीच सांगा मले, जिलेबी कोठून आनली त्यानं? अडतीस वर्ष ज्या मानसानं माह्या नावाचे भजे तळले, जत्रेत तळले, लग्नात तळले, बारशात तळले, क्यासेट काढून घरोघरी तळले, त्या मानसानं भर कार्यक्रमात, माईकसमोर उभं राहून म्हनावं का नवरदेव मांगे गरम जिलेबी? अरे, मानसाची इज्जत घेतली तं घेतली, निदान नीट तरी घे ना! ...तुमी हसून राह्यले. हसा, हसा. कोन कोन हसलं ते पाहून ठेवलं म्या. तुमाले सांगतो, मी ईसरनारा मानूस नाई!

थांबा, पयलेपासून सांगतो, नाईतं तुमी म्हनसान बुढा बैताडला. मी जानराव इंगळे. एसटीचा रिटायर कंडक्टर. चौतीस वर्ष घंटी वाजवली, त्यातले बावीस वर्ष निरा अमरावती-अकोला, अकोला-अमरावती. अन् कंडक्टरची याददाश्त कशी असते मालूम हाये ना? एक्यान्नव साली बडनेऱ्याच्या थांब्यावर एका बाईनं मिशी फुटलेला पोरगा हाफ तिकिटात बसवला होता. 'पाचवीत हाये हो दादा, आंगानं जरासक मोठा हाये.' पाचवीत! त्याच्या खिशात बिडीचा कट्टा दिसून राह्यला होता! ते बाई आजबी समोर आली तं वळखतो मी. अन् एका बाईचं हाफ तिकिट जर मले ईसरता येत नाई, तं खुशालरावानं माह्या लग्नात जे केलं ते मी ईसरन काय?

तं आता लग्न. सन सत्त्यांशी, मे महिना, उन्हं असं का मांडवातले कागदी पताके करपून गेल्ते. माही सासरवाडी कौंडण्यपुराच्या बाजूचं खेडं, वर्धा नदीच्या काठावर. रुक्मिणीचं माहेर हो! तठून देवानं रुक्मिणीले रथात घालून पळवलं, एवढी मोठी गोष्ट झाली त्या मुलकात, अन् तठी जाऊन म्या काय केलं? म्या भजे मांगितले.

हसू नोका. रीत समजून घ्या पयले. आमच्याकडे तवा नवरदेवानं पंगतीत रुसाची रीत होती. आता बंद झाली, बरंच झालं. ताट समोर, हात मांडीवर, तोंड हे असं फुगवून बसाचं. मंग सासरा येईन, हात जोडन, 'बापू, जेवा ना. काय पाह्यजे तुमाले?' मंग कोनी नवरदेव घडी मांगे, कोनी सायकल मांगे. माहा मामा मोठा हिकमती मानूस. त्यानं मले पंधरा दिवस घोकून घेतलं, 'जान्या, रेडिओ. दुसरा शब्द तोंडातून काढाचा नाई. बोल, काय मांगशीन?' मी म्हनो, रेडिओ. जेवताना रेडिओ, न्हातानी रेडिओ, हळद लावताना बाया गाने म्हनून राह्यल्या अन् मी आतून रेडिओ-रेडिओ-रेडिओ...

पन झालं काय, सकाळपासून पोटात अन्नाचा कन नाई. नवरदेवाले कोनी जेवाले देते काय हो? सारे निरे त्याले हळद लावते! दुपारचे दोन वाजले. पंगत बसली. अन् माह्या पाठीमांगं, बरोब्बर पाठीमांगं, कापडाच्या पलीकडे आचाऱ्यानं कढई ठेवलेली. कांद्याचे भजे. चर्रर्र... वास असा सरळ नाकातून मेंदूत. सासरा आला. गरीब मानूस, हात जोडून उभा. 'बापू, काय पाह्यजे तुमाले?' मामानं कोपरानं ढोसलं. म्या तोंड उघडलं रेडिओसाठी, खरंच सांगतो, रेडिओसाठीच उघडलं... अन् बाहेर काय निंघालं?

'भजे.'

आता हे एवढ्यावर भागलं असतं ना, मी काही बोललो नसतो. पंगत हसली असती, भजे आले असते, म्या खाल्ले असते, इषय खतम! पन तठी बसला होता खुशालराव. खंजिरीवाले खुशालराव! सासरवाडीच्या भजनी मंडळाचा म्होरक्या. तवा चाळीशीचा असन. डोक्यावर झुलपं काळेशार, मिशीले पीळ, सोन्याचा दात, गालावर एवढा मोठा तीळ, अन् आवाज? नदीच्या या काठावर गायला तं त्या काठावरचे बैल थांबत. माह्या तोंडातून 'भजे' पुरतं निंघालं नाई, का त्यानं खंजिरी उचलली, थाप मारली, अन् जाग्यावर गानं रचलं. जाग्यावर! असे हुशार मानसं देवानं दुसऱ्याच्या लग्नात कावून पाठवावं?

*कोनी मांगे घडी-अंगठी, कोनी बाजे-गाजे,*
*आमचा जानराव नवरदेव मांगे गरम भजे!*

झालं! सारी पंगत टाळ्या वाजवून राह्यली. वाढनारे वाढनं सोडून नाचून राह्यले. माह्याकडचे वऱ्हाडी, माह्याकडचे! त्यायनं तरी चूप बसावं का नाई? तेच सगळ्यात जोरात, 'गरम भजे, गरम भजे!' अन् तो पुढं सुरूच,

*मामा सांगे कानामंदी, 'मांग रेडिओ भारी',*
*कढईचा वास आला, बुद्धी गेली सारी,*
*नवरी राह्यली बाजूले, नजर कढईवारी!*

मी उठलो. भरल्या ताटावरून उठलो. अन् त्या दिवशी, कान देऊन ऐका, एकबी भजं न खाता उठलो! सारी बदनामी ज्याच्यापाई झाली, ते माह्या तोंडात गेलंच नाई. जानोसघरी, वऱ्हाड उतरलं होतं तठी, येऊन म्या शपथ घेतली का खुशालरावाले जबाब देल्याशिवाय भज्याले हात लावनार नाई.

कारन खंजिरीच्या भजनात आमच्याकडे नेम असते. एकानं गान्यातून कोनाले काही मारलं, का त्यानं त्याच चालीत जबाब द्याचा. अन् जबाब देनाऱ्याले खंजिरीचा ठेका कोनं धराचा? ज्यानं मारलं त्यानंच! नाई म्हनता येत नाई. अन् जबाब देता नाई आला, तं ते गानं जलमभर तुमच्या आंगावर. म्हंजे माह्या आंगावर भजे, अन् ते निंघन तं निरे जबाबानंच.

मंग काय, चिकटलं ना नाव. त्याची क्यासेट निंघाली, तिच्यात पयलंच गानं हे! डेपोच्या बोर्डावर लिहेलं जा. ना. इंगळे, पन मूर्तिजापुरात बस थांबली का खिडकीतून आवाज येई, 'ओ भजे, अकोल्याची हाये काय?' बाया पोरायले सांगत, 'भजेकाकाले तिकिट दाखव.' साहेबानं एकदा सरकारी कागदावर लिहिलं, 'भजे यांस समज देण्यात यावी.' अन् माहा डायवर अब्दुल गफ्फार, जीवाभावाचा दोस्त, एका डब्यात जेवलो आमी बारा वर्ष, तो काय करे मालूम हाये? मोठ्या मोडीवर हॉर्न वाजवे त्याच चालीत! प्यां-प्यां प्यांप्यां, प्यांऽप्यां! मी म्हनो, गफ्फारभाई, आज तुमी दोस्ती तोडली. तो म्हने, 'अरे जानराव, मैं क्या करूं यार, ये हाथ हाये ना हाथ, इसको आदत हो गई.' हाताले आदत!

शेवटी वैतागून म्या धारणीची बदली मांगितली. लोकं धारणीची बदली कटवाले पाया पडते, मी मांगून घेतली! म्हनलं, जंगल हाये, घाट हाये, कोरकू लोकं हायेत, त्यायले मराठी गान्याचं काय घेनंदेनं. पयला दिवस. घाट उतरून बस पोचली. स्टँडसमोर चहाची टपरी. म्या अर्धा कप तोंडाले लावला, अन् मालकानं क्यासेट लावली... 'कोनी मांगे घडी-अंगठी...' अन् एक कोरकू बुढा मले इचारते, 'साहेब, हा भजेवाला खरंच होता काय, का गंमत हाये?' म्या म्हनलं, गंमत हाये. त्यानं म्हनलं, 'वाटलंच. इतका येडा कोनी नसते.'

तवा म्या वेबिलाच्या, म्हंजे तिकिटाच्या हिशेबाच्या कागदाच्या, मांगल्या बाजूवर जबाब लिहाले घेतला. लिहा, खोडा, लिहा, खोडा. घाटात लिहिला, थांब्यावर लिहिला, धामणगाव रेल्वेच्या फाटकात गाडी अडकली तठी बसून दोन ओळी जमवल्या. आठ-दहा वर्षांनं असा धारदार जबाब तयार झाला का वाचला तं माह्याच आंगावर काटा. पन द्याचा कोठी? खुशालराव आज वणीत, उद्या वाशीमात, मी ड्यूटीवर. तो सासरवाडीत असन तं माह्याच बायकोनं मले तठी नेलं नाई. माही बायको पार्बताबाई त्याच्याच गावची ना, त्याले दादा म्हनते, दर भाऊबीजेले ओवाळते. अन् घरात पोळ्या लाटताना हे बाई काय गुनगुनते? तेच गानं! नवऱ्याचं नाव घ्याले लाजते, पन गान्यात घेते! मी पाटावर बसून तिच्याकडे पाहो. ती म्हने, 'काय झालं हो, चाल लय गोड हाये.'

तं आता या महिन्यात पोस्टर दिसलं. अकोल्याच्या मंगल कार्यालयात, रविवारी दुपारी चार वाजता, 'लोकगायक खुशालराव खंजिरीवाले यांचा अखेरचा कार्यक्रम व सत्कार'. अखेरचा! म्हनलं, जान्या, आता नाई तं कधीच नाई. हा मानूस जबाब न घेता निंघून जाते, अन् तू भजे राहून मरशीन. तेरवीच्या पत्रिकेत लिहितीन, कै. भजे.

कोट काढला. कागदाची गरज नोती, जबाब पाठ होता, तरी वेबिल खिशात. पार्बताबाई म्हने मी येतो. नात अपेक्षा, पोरीची पोरगी, अकरावीत हाये, ते म्हने मी बी येतो आजोबा, मले व्हिडिओ काढाचा हाये. मूर्तिजापुरात गफ्फार गाडीत चढला. मले पाह्यलं अन् त्याच्या ध्यानात आलं. 'जानराव, बदला लेने जा रहे क्या?' म्या म्हनलं, हो. 'अब तो बुढ्ढे हो गए यार दोनों.' म्या म्हनलं, गफ्फारभाई, बुढा झालो, पन मी ईसरनारा मानूस नाई!

पयल्या रांगेत बसलो. आता वाटलं खुशालराव येईन, थाप मारन... कायचं काय हो! पयले भाषनं. दीड घंटा भाषनं. पुन्याहून एक निवेदिका बोलावली होती, तिचं असं, 'रसिकहो, आज आपल्या मातीचा गंध घेऊन, लोकपरंपरेचा हा वटवृक्ष आपल्याला भेटतो आहे...' अन् वटवृक्ष आतमंदी चहा पिऊन राह्यला होता, पडद्याच्या फटीतून मले दिसून राह्यलं होतं. मंग एक अध्यक्ष, मंग एक माजी अध्यक्ष, मंग एक जन अध्यक्ष व्हाले इच्छुक. त्यायच्या शाली, त्यायचे नारळ. मी मनात जबाब घोळून घोळून ओठ सुकवून घेतले.

अन् मंग तो आला.

...तुमाले खरं सांगतो, म्या पयले वळखलंच नाई. म्हनलं, ह्याच्या बापाले आनलं काय? दोन जनायनं धरून आनला. टक्कल. मिशी साफ. पार्बताबाई हळूच म्हने, 'हात थरथरते ना दादाचा, पीळ देता येत नाई, म्हून न्हाव्यानं कापून टाकली.' तोंडात कवळी. सोन्याचा दात कोठी गेला देव जाने. खुर्चीत बसवला, खंजिरी हातात देल्ली, ते हातात हलून राह्यली तं आपोआपच वाजून राह्यली. माह्या मनात काय आलं सांगू? दया? बिलकुल नाई! मले राग आला. म्हनलं, हे काय हाये? मी ज्याले मारासाठी अडतीस वर्ष धार लावून राह्यलो, त्याले कोनी पळवलं? कोनं इचारून त्याले बुढा केलं?

त्यानं दोन भजनं म्हनले. आवाज गेल्ता. पन मधूनच एखादी ओळ अशी निंघे का... जाऊ द्या, मी तारीफ कराले गेल्तो नोतो. मंग लोकं ओरडले, 'भज्याचं! भज्याचं होऊ द्या!' म्हनलं, चल. एवढं गानं झालं का उठाचं, अन् जबाब. तो हसला. थाप मारली. 'कोनी मांगे घडी-अंगठी, कोनी बाजे-गाजे...' अन् थांबला. तो वर पाहून राह्यला, पंख्याकडे. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. मांगचे दोन-चार पोट्टे खिदळले. अन् खुशालराव हळूच, 'आमचा... जानराव नवरदेव... मांगे गरम जिलेबी.'

जिलेबी!!

मी उठलो कधी, मले मालूम नाई. पार्बताबाईनं कोट धरला तं कोटाचा खिसा फाटला. मी ओरडलो, 'भजे! जिलेबी नाई, भजे!' अरे, बाजे-गाजे अन् जिलेबी जुळते तरी काय? मी अडतीस वर्ष जिलेबी म्हून जगलो काय? घाटात मले लोकायनं जिलेबी म्हनलं काय? माह्या बदनामीत एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं मी खपवून घेनार नाई!

खुशालरावानं माह्या दिशेनं कान केला. 'कोन हाये? बरोबर हाये त्याचं. भजेच होतं ते. बापू, तुमाले पुढचं येते काय?'

पुढचं येते काय! मले इचारते! त्यायनं मले वर चढवलं, माईक हातात देल्ला, त्यानं ठेका धरला, अन् म्या म्हनलं. सारं म्हनलं. मामा म्हनला, रेडिओ म्हनला, कढई म्हनली, 'नवरी राह्यली बाजूले' म्हनतानी पार्बताबाईकडे हात बी केला! क्यासेटवर नसलेलं तिसरं कडवं, जे निरं त्या मांडवात झालं होतं अन् जे म्या जानोसघरापरेंत पळतानी पाठीवर ऐकलं होतं, तेबी म्हनलं. एक शब्द चुकला नाई. चारशे लोकं उभे राहून टाळ्या वाजवून राह्यले, गफ्फार मांगून तोंडानं हॉर्न वाजवून राह्यला, अन् मी, जानराव नामदेव इंगळे, सोताचीच इज्जत सोताच्या तोंडानं, चालीत, काढून राह्यलो होतो!

गानं संपल्यावर ध्यानात आलं का आपन काय केलं. पन तवर खुशालराव इचारून राह्यला होता, 'बापू, इतकं पाठ कसं हो? मंडळात होते काय कोन्या?'

म्या म्हनलं, 'मी जानराव.'

त्यानं मान वर केली. पाहून राह्यला, पाहून राह्यला. मले वाटलं आता माफी मांगन. तो काय म्हनते? म्हनते, 'जबाब आनला काय?'

...हे ऐका. म्हनते, 'जलमभर लोकायले गान्यातून मारलं म्या. कोनी हसले, कोनी भांडाले आले, एकानं खेटर फेकलं. पन जबाब घेऊन कोनी आलं नाई. आनला असन तं द्या बापू. ठेका मी धरतो, नेम हाये.' अन् थरथरत्या हातानं ठेका धरला. अन् तुमाले सांगतो, ठेका थरथरला नाई.

म्या घसा खाकरला. हा तो टाइम. घाटात पाह्यला, फाटकात पाह्यला, तो टाइम. अन् सुरू केलं,

*डोक्यावर झुलपं काळेशार, मिशीले देते पीळ,*
*सोन्याचा दात चमकवते, गालावर काळा तीळ...*

अन् मी त्याच्याकडे पाह्यलं. झुलपं? नाई. मिशी? नाई. दात? नाई. ज्या ज्या जाग्यावर नेम धरला होता, तठी काहीच शिल्लक नाई! तीळ तेवढा जाग्यावर होता. लोकायले वाटलं मी मुद्दाम गंमत करून राह्यलो, निरा हशा. अन् खुशालराव? टकलावरून हात फिरवून, मिशीच्या जाग्याले हवेतच पीळ देऊन, सगळ्यात जास्त तोच हसून राह्यला! मले वाईट वाटलं. खरंच वाटलं. पन म्हनलं, जान्या, आता थांबू नोको, शेवटची ओळ राह्यली, तिच्यात जहर हाये,

*लोकायच्या मांडवात बसून लोकायले हसे,*
*खुशालरावा, आरशामंदी तू तुले कसा दिसे?*

तो म्हनते, 'दिसतच नाई बापू. मोतीबिंदू हाये.'

आता सांगा! काय कराचं अशा मानसाचं? अन् एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. मले जवळ बसवलं, अन् माईक तसाच सुरू, म्हनते, 'जबाब झकास हाये. पन उशीर केला. आता माही गोष्ट ऐका. तुमी भजे म्हनले, तवा तुमचा मामा उठला होता, ध्यानात हाये काय? भजे नाई, रेडिओ म्हनाले उठला होता. अन् सासऱ्याच्या घरी तवा रेडिओ घ्याले काय होतं? एक दुधाची म्हैस. म्या म्हनलं, मामाच्या तोंडातून रेडिओ निंघाच्या आंधी खंजिरी वाजली पाह्यजे. पंगत हसली का मामाले कोन ऐकते? तुमचं नाव खराब झालं खरं. पन म्हैस वाचली.'

म्हैस!

म्हंजे काय, एका म्हशीपाई मी अडतीस वर्ष भजे? एका म्हशीपाई धारणी? एका म्हशीपाई सरकारी कागदावर 'भजे यांस समज'? म्या खाली पाह्यलं तं पार्बताबाई पदर डोळ्याले लावून मान हलवून राह्यली. म्हंजे तिले मालूम होतं! परतीच्या गाडीत म्या इचारलं, तुले मालूम होतं तं सांगितलं कावून नाई? तं म्हनते कशी, 'तुमी इचारलंच नाई. तुमी त्या दिवशी रेडिओ मांगितला असता ना, मी तुमच्या घरी आलो असतो, पन मनानं नसतो आलो.' अन् मंग खिडकीबाहेर पाहून म्हनते, 'भजे म्हनले तवाच आवडले मले तुमी.' आता अडतीस वर्षांनं हे सांगाचं? बोरगाव मंजूच्या गतिरोधकावर? गाडी अशी आदळली, मी समोरच्या सीटचा दांडा धरला. अन् त्या म्हशीचं दूध तरी कोनं पेलं? कधीबी सासरवाडीत गेलो का पयला गिलास मलेच! म्या पेलं! घट्ट साय असलेलं!

ते राहू द्या. इकडे मंचावर निवेदिका आली, 'रसिकहो, किती हा हृद्य क्षण!' अन् अध्यक्षायनं काय करावं? आचाऱ्याकडून भज्याची प्लेट मांगवली. मले शाल, खुशालरावाले शाल, अन् मधात भजे. सारी सभा, 'खा! खा! खा!' खुशालरावानं एक भजं उचललं, माह्या तोंडापाशी आनलं, म्हनते, 'जेवा ना बापू. त्या दिवशी तुमी उपाशी उठले. मले रातभर झोप नाई लागली.' ...तोंड उघडलं म्या. काय करतो. जबाब देल्ला होता, शपथ संपली होती.

अपेक्षानं व्हिडिओ काढला. टाकला. लाखाच्या वर लोकायनं पाह्यला म्हनते. सोमवारी सकाळी दूधवाला, 'ओ भजे आजोबा, भगोनं आना.' भाजी बजारात एक कॉलेजची पोरगी, 'भजे आजोबा, एक सेल्फी?' पयले निरा भजे होतो, आता आजोबा झालो, तेवढीच बढती. मंगळवारी खुशालरावाचा फोन आला, म्हनते, आता गानं ईसरलो तं तुमाले फोन लावत जाईन. म्या म्हनलं, लावा. अन् रोज लावते! रोज दुपारी चार वाजता मी फोनवर सोताचं भज्याचं गानं म्हनून त्याले पाठ करून देतो!

जाऊ द्या. त्याचा काही राग नाई आता. म्हशीपाई केलं त्यानं. माफ.

पन एक सांगतो. ते मंचावरचे भजे... गार होते. निरे गार! अडतीस वर्षांनं मानसानं पयलं भजं तोंडात घ्यावं, गान्यात 'गरम', सभेत 'गरम', अन् भजं गार? वरून सोडा जास्त! मी खाली उतरल्याबरोबर त्या आचाऱ्याचं नाव इचारलं, गाव इचारलं, अन् वेबिलाच्या मांगं लिहून घेतलं. जबाब लिहाले बसलो हो आजपासून. चाल ठरली हाये. बासष्ट चालू हाये मले, अजून अडतीस वर्ष धरले तं पुरे शंभर. शंभराव्या वर्षी देतो त्याले. काही घाई नाई. मी ईसरनारा मानूस नाई!